गाजर गवत व त्याचें निवारण

हिर्डस मावळांतील हिर्डोशी हें गांव भोरहून वरंध घाटाकडे जातांना नीरेच्या खोऱ्यांत लागतें. येथें पाऊस दांडगा, पीक मुख्यत्वें भाताचें, आणि डोंगरउतारावर करवंदीचीं कांटेरी जाळीं पुष्कळ. कांटा दिसला कीं मनुष्य आपोआप सावध होतो. देशावर करडई काढणारे मजूर हातापायांस फडकीं गुंडाळतात. माळावरील उंटकटाऱ्यास आपण वळसा घालून जातों. हीं दोन्ही झाडें सूर्यफुलाच्या कुळांतील आहेत. त्याच कुळांतील एक परदेशी झाड मात्र बिनकांट्याचें, मऊ पानांचें व नाजूक पांढऱ्या फुलांचें आहे. आणि शेतकऱ्यानें खरें भय बाळगावें तें त्याचें. तें झाड म्हणजे गाजर गवत.

पानें गाजराच्या पाल्यासारखीं कातरलेलीं म्हणून त्यास हें नांव पडलें. चटकचांदणी, पांढरी फुली, काँग्रेस गवत अशीं दुसरीं नांवेंही लोकांच्या तोंडीं आहेत. वस्तुतः तें गवत नव्हेच. त्याचें मूळस्थान मेक्सिकोच्या आखाताभोंवतालचा प्रदेश. आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुणें येथें तें ठळकपणें नजरेस आलें, व पुढें देशभर पसरलें. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचें बीं आलें असें सर्वत्र सांगतात. परंतु ज्या धान्यकराराचें नांव याबाबत घेतलें जातें तो 1956 सालचा, तेव्हां सारा दोष त्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

या झाडांत पार्थेनिन नांवाचें विषारी द्रव्य असतें. पुष्कळांस त्याच्या स्पर्शानें खाज सुटते व कातडीवर चट्टे उठतात. पराग श्वासावाटे गेल्यानें शिंका व दमा यांचा उपद्रव होतो. आज बाधलें नाहीं म्हणून उद्यां बाधणार नाहीं असेंही नाहीं. गुरें सहसा त्यास तोंड लावीत नाहींत. चाऱ्यांत मिसळून पोटांत गेलें तर दूध कडवट होतें.

आमची स्वतःची एक चूक येथें सांगणें अवश्य आहे. एका वर्षीं भाद्रपदांत आम्ही मोठ्या उत्साहानें शाळेच्या आवारांतील गाजर गवत उपटलें. तें तेव्हां ऐन फुलावर होतें. ढीग कुंपणाशीं टाकिला, आणि काम झालें म्हणून घरीं गेलों. पुढील मृगाचा पाऊस पडतांच कुंपणाच्या कडेनें गालिचा अंथरावा तशीं रोपें उठलीं! उघड्या हातांनीं काम केल्यामुळें दोघांतिघांच्या हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलें तें वेगळेंच.

असें कां झालें? एका झाडास 15,000 ते 25,000 पर्यंत बिया धरतात. त्या इतक्या हलक्या कीं वारा, वाहतें पाणी, गुरांचे खूर, मोटारींचीं चाकें, मुरुमाची वा खताची गाडी, कशाबरोबरही त्या प्रवास करितात, आणि मातींत कित्येक वर्षें जिवंत राहतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यांतच झाड फुलूं लागतें. म्हणून फुलें येण्यापूर्वींच, जमीन ओली असतां, हातांस मोजे घालून तें मुळासकट उपटावें. विळ्यानें कापलें तर बुडख्यापासून नवे फुटवे येतात. न फुललेलीं रोपें खड्ड्यांत शेणाबरोबर कुजविलीं तर त्यांचें चांगलें खत होतें. फुललेलीं मात्र खतांत मुळींच घालूं नयेत. आणि आपलें खाचर स्वच्छ, पण बांधापलीकडील पडीक जमीन पांढरीशुभ्र, अशी स्थिति असेल तर सारे श्रम फुकट. हें काम साऱ्या वाडीनें मिळून एकाच वेळीं करावयाचें आहे.

मनुष्यबळ न पुरेल तेथें कीटकांचें साह्य घेतां येतें. ही युक्ति नवी नव्हे. फड्या निवडुंगानें दक्षिण भारतांत पुष्कळ जमीन व्यापिली असतां 1926 सालीं लंकेहून कोचिनील जातीचा कीटक आणून सोडण्यांत आला, व त्यानें निवडुंगाचा फडशा पाडिला. त्याच धर्तीवर मेक्सिकोचा झायगोग्रामा नांवाचा भुंगेरा 1984 सालीं बंगळूर येथें सोडण्यांत आला. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा ही त्याची खूण. पावसाळ्यांत तो व त्याच्या अळ्या पानें खाऊन झाडाच्या नुसत्या काड्या करितात. कोरड्या दिवसांत तो जमिनींत निजून राहतो. तो सूर्यफुलावर आढळल्यानें मध्यंतरीं बरीच ओरड झाली होती, परंतु त्याचा खरा आहार गाजर गवतच होय. मुलांनीं असा भुंगेरा दिसल्यास मारूं नये. डबींत धरून दाट गाजर गवतावर नेऊन सोडावा.

राहतां राहिली मोकळी झालेली जागा. ती तशीच ठेविली तर मातींतील उरलेलें बीं पुनः डोकें वर काढणारच. तेथें टाकळा पेरावा. टाकळ्याची भाजी आपल्या घरोघरीं होते; तोच टाकळा दाट उगवला म्हणजे गाजर गवताच्या रोपांस ऊन व जागा मिळूं देत नाहीं. पावसाळा सरल्यावर शेंगा तडकण्यापूर्वीं त्याचें बीं गोळा करावें, सुकवून मडक्यांत ठेवावें, आणि मृगाच्या आधीं आठ-पंधरा दिवस रस्त्याच्या कडेस व पडीक जागीं मुठीमुठीनें फेकावें.