वेळास कासव महोत्सव

वेळास कासव महोत्सव हा महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळास या किनारी गावात भरणारा निसर्ग पर्यटनाचा उपक्रम आहे. अंड्यांतून बाहेर पडलेली ऑलिव्ह रिडले (शास्त्रीय नाव: लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया) जातीच्या सागरी कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना येथे किनाऱ्यावरून पाहता येतात. हा महोत्सव २००६ मध्ये सुरू झाला. वेळास हे सावित्री नदीच्या मुखाजवळ, बाणकोट किल्ल्याच्या परिसरात वसलेले असून पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणूनही ओळखले जाते.

पार्श्वभूमी

ऑलिव्ह रिडले माद्या साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात कोकण किनाऱ्यावर रात्री अंडी घालण्यासाठी येतात. ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात; कोकणात मात्र त्या एकेकट्या व विखुरलेल्या येतात. मादी भरतीरेषेच्या वर वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात परतते. ती पिल्लांसाठी पुन्हा येत नाही.

वाळूवर उमटलेल्या मादीच्या मागावरून घरटे सहज सापडते. त्यामुळे कोकणात खाण्यासाठी व विक्रीसाठी अंडी काढून नेली जात. कोल्हे व कुत्रीही घरटी उकरतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात या कासवाचा समावेश असल्याने त्याची शिकार करणे किंवा अंडी गोळा करणे हा गुन्हा आहे. तरीही दूरच्या किनाऱ्यांवर केवळ कायद्याने संरक्षण होणे अवघड होते. २००२ मध्ये चिपळूण येथील सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळास येथे ग्रामस्थांच्या साहाय्याने संवर्धनाचे काम सुरू केले. पुढे वन विभाग व ग्रामपंचायत यांचाही त्यात सहभाग राहिला.

संवर्धनाची पद्धत

हंगामात गावातील कार्यकर्ते पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात. सापडलेली अंडी किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत, मूळ घरट्याएवढ्याच खोल खड्ड्यात पुरली जातात. अंडी हलवताना ती उलटी होऊ नयेत याची काळजी घ्यावी लागते, अन्यथा आतील गर्भ दगावू शकतो. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. हा कालावधी वाळूच्या तापमानावर अवलंबून असतो. पिल्लांचे लिंगही तापमानावरच ठरते. वाळू अधिक उबदार असल्यास माद्यांचे प्रमाण वाढते.

पिल्ले बाहेर येण्याचा काळ जवळ आला की घरट्यावर टोपली उपडी ठेवतात व ती ठरावीक वेळी उचलून पाहतात. बाहेर आलेली पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात. हे अंतर ती स्वतः चालून जातात. प्रौढ झाल्यावर माद्या आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परततात, असे मानले जाते.

निरीक्षण व पर्यटन

पिल्ले सहसा सकाळी व सायंकाळी सोडली जातात. महोत्सवाच्या तारखा घरट्यांच्या अंदाजावरून दरवर्षी ठरवल्या जातात. मात्र विशिष्ट दिवशी पिल्ले दिसतीलच याची खात्री नसते. पर्यटकांनी दोरीच्या मागे थांबणे, पिल्लांना हात न लावणे आणि विजेरी किंवा फ्लॅश न वापरणे अपेक्षित असते. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने जात असल्याने किनाऱ्यावरील कृत्रिम प्रकाशामुळे त्यांची दिशा चुकते. गर्दीत वाळूवर पसरलेली पिल्ले पायाखाली येण्याचाही धोका असतो.

पर्यटकांची राहण्याची व जेवणाची सोय प्रामुख्याने ग्रामस्थांच्या घरी होते. त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नामुळे घरटे सुरक्षित राहण्यात गावाचे आर्थिक हितही गुंतले. दापोली तालुक्यातील आंजर्ले येथेही असा महोत्सव भरतो.

स्थलांतराचा अभ्यास

जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रह संदेशक बसवण्यात आला. तिला 'प्रथमा' हे नाव देण्यात आले. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्र शासनाचा कांदळवन कक्ष यांच्या या प्रकल्पात कोकणातील इतर किनाऱ्यांवरील माद्यांचाही मागोवा घेण्यात आला. २०२३ मध्ये गुहागर येथे संदेशक बसवलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागर येथे अंडी घालताना आढळली. या नोंदींमुळे भारताच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांमधील संबंधांचा प्रश्न नव्याने पुढे आला.

प्रवास

पुण्याहून वेळासला जाण्यासाठी मुळशी तालुक्यातील पौड व मुळशी धरणाच्या परिसरातून ताम्हिणी घाट उतरून माणगावला पोहोचता येते. तेथून मंडणगडमार्गे वेळास गाठता येते. हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांना बागमांडला ते वेसवी या फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडता येते.