गुपित सोपे, जादू अवघड

पत्त्यांची जादू शिकायला बसलेला नवशिका सहसा बोटांपासून सुरुवात करतो. एका हाताने कॅट काटायचा, पान तळहातात दडवायचे, यातच महिने जातात आणि लोकांसमोर करण्याजोगा एकही खेळ तयार होत नाही. वास्तविक क्रम उलटा हवा. चलाखी मुळीच न लागणारे दोन-तीन खेळ आधी घ्यावेत आणि समोरचा माणूस काय गृहीत धरतो, याचा अभ्यास त्यांवर करावा.

एक जुना खेळ पाहू. पिसलेल्या कॅटचे सगळ्यात खालचे पान हळूच पाहून ठेवायचे. समजा, ती इस्पिकची राणी आहे. समोरच्याने ओढलेले पान त्यालाच कॅटच्या वर ठेवायला सांगून कॅट काटायला लावायचा. खालचा गठ्ठा वर गेला की राणी नेमकी त्या पानावर येऊन बसते. आता वरून एकेक पान उलटत टेबलावर मांडायचे. राणीनंतर येईल ते त्याचे. तिथेच थांबून पान ओळखले, तर तो ‘बरोबर’ म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी चेहरा कोरा ठेवून आणखी चार-पाच पाने मांडावीत, पुढच्या पानावर बोट ठेवावे आणि म्हणावे, ‘आता मी जे पान उलटेन, ते तुमचेच!’ आपले पान केव्हाच निघून गेले, याची त्याला खात्री असल्याने तो पैजेलाही तयार होतो. मग हात टेबलाकडे वळतो आणि त्याचेच उघडे पान पालथे घालतो. दोन्ही वेळा गुपित एकच, पण दुसऱ्या वेळी समोरचा स्वतःच्या खात्रीमुळे फसला.

यावर आक्षेप येतो की, असे खेळ पोरकट असतात. एकवीस पानांच्या खेळाबाबत तो खराही आहे. तीन रांगा तीनदा मांडून उमेदवार पाने सातावर, मग फार तर तिनावर, शेवटी एकावर येतात. पण हे गणित मांडणीतच उघडे पडते. तो दोष निवडीचा, पद्धतीचा नव्हे. दुसरा आक्षेप असा की, थोर जादूगार हातचलाखीनेच मोठे झाले. डाय व्हर्नन यांनी 1922 मध्ये शिकागोत हुडिनीला चकवले, तेही हातचलाखीनेच. तीनदा पाहिलेली कोणतीही पत्त्यांची जादू ओळखेन, अशी हुडिनीची फुशारकी होती. व्हर्नन यांनी त्याचे सहीचे पान पुन्हा पुन्हा वर आणून दाखवले, तरी त्याला उलगडा झाला नाही. पण हुडिनी स्वतः जादूगार होता, चलाख्या त्याला नव्या नव्हत्या. जाणकारही फसतो, याचा अर्थ बोटांइतकेच काम त्याच्या गृहीतकावर झालेले असते.

म्हणून हातचलाखी शिकावी, मात्र खेळाच्या गरजेपुरती. ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ हे 1948 चे पाठ्यपुस्तकही प्रत्येक तंत्राला जोडून त्यावरचे खेळ देते. ज्या चलाखीचा खेळ अजून ठरलेला नाही, ती नवशिक्याने खुशाल पुढे ढकलावी.