काचेतील लोणार : प्रवाळपेटीविषयीचे काही गैरसमज

खामगावासारख्या, जेथून समुद्र गाठावयास आगगाडीत एक रात्र काढावी लागते अशा गावी, घराच्या कोपऱ्यात दोनशे लिटर खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडून तीत बटणाएवढ्या तोंडांचे मृदू प्रवाळ आणि नारिंगी क्लाऊन मासे सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला घरी येणारा पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो: "पाणी लोणारचं का हो?" प्रश्न निरागस असतो आणि त्याचे उत्तर ठाम नकारार्थी आहे, परंतु काही वर्षांच्या अनुभवानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, पाणी लोणारच्या खाऱ्या सरोवराचे नसले तरी या पेटीचा स्वभाव समुद्राचा नसून लोणारचाच आहे, आणि हे वेळीच न उमगल्यामुळे या छंदातील बहुतेक अपघात ओढवतात.

खारे तेवढे पाणी एकाच जातीचे, हा आपल्या जिल्ह्यात सर्वत्र आढळणारा समज प्रथम तपासला पाहिजे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मिठाचा वाटा मोठा असला तरी प्रवाळाच्या पोषणास लागणारे मॅग्नेशियम दर लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम व कॅल्शियम ४०० मिलिग्रॅम असते, आणि त्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास स्थिर राहतो. लोणारचे पाणी मुख्यतः सोडाखाराचे. त्याचा सामू दहाच्या घरात जातो, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम कार्बोनेटच्या रूपाने तळाशी बसून गेल्यामुळे पाण्यात त्यांचा अंश अत्यल्प उरतो. अबुल फझलाने 'ऐन-इ-अकबरी'त या परिसराची नोंद केली ती काच आणि साबण यांना लागणाऱ्या खाराच्या संदर्भात, आणि तीच त्या पाण्याची खरी ओळख होय. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूच्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणीही खारट खरे, पण ते पूर्णेच्या गाळातील क्षारांनी बनलेले असून त्याचा समुद्राच्या प्रमाणबद्धतेशी काही संबंध नाही. १९५१ साली सुरू झालेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी काठी उभे राहिले. आम्हा वऱ्हाडातील माणसांना मात्र आर.ओ.चे पाणी घेऊन त्यात समुद्री क्षारांचे तयार मिश्रण विरघळवावे लागते, आणि त्याला पर्याय नाही.

आता साम्याकडे वळू. लोणारच्या विवराला पाणी येण्याच्या वाटा आहेत, पावसाळी ओहोळ आहेत, गोमुखाची धार आहे. परंतु बाहेर वाहून जाण्यास ओढा नाही. पाणी सूर्य उचलून नेतो आणि क्षार मागे राहतात. जमा आहे पण खर्च नाही, अशा त्या जमाखर्चाची शिल्लक युगानुयुगे साठत गेली. काचपेटीचा हिशेब तंतोतंत हाच आहे, आणि म्हणूनच उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने करावी हा समज वरवर तर्कशुद्ध वाटला तरी घातक ठरतो. दोनशे लिटरांतून वीस लिटर पाणी उडून गेले तेव्हा मीठ तिळभरही गेले नव्हते. त्या जागी पुन्हा वीस लिटर समुद्री पाणी ओतले की ३५ चा आकडा ३८.५ वर जातो, आणि चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत असे दोन-तीन आठवडे चालले की प्रवाळ तोंडे मिटून घेतात. भरपाई गोड्या, क्षारविरहित पाण्याने, रोज थोडी थोडी करावी. खारे पाणी केवळ जुने पाणी काढून बदलावयाचे असेल तेव्हाच घालावे.

माझ्यावर ओढवलेला प्रसंग याहून गंभीर होता, आणि त्यातील अर्धा अपराध माझाच. वैशाखातील एका वादळात वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. अशा वेळी गाळणयंत्र बंद पडून पाणी घाण होते व मासे त्याने मरतात, अशी माझी समजूत होती; वास्तविक पहिले संकट प्राणवायूचे असते. पाणी जितके ऊन आणि जितके खारे, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. पृष्ठभाग हलेनासा झाला की तो काही तासांतच अपुरा पडतो. बॅटरीवर चालणारा साधा हवापंप त्या रात्री घरात असता तर एक मासा वाचला असता. दुसऱ्या दिवशी उरलेले मासे धापा टाकत होते आणि पुढील आठवड्यात चारही प्रवाळ-गुच्छ पांढरे पडले. घाबरून मी जे केले ते वादळाहूनही वाईट होते: सर्व दगड बाहेर काढून नळाखाली घासले, वाळू धुतली, सगळे पाणी एकदम बदलले.

बिघडले की सर्व स्वच्छ करून आरंभापासून मांडावे, हा गृहस्थी शहाणपणा भांड्यांना लागू पडतो, प्रवाळपेटीला नाही. त्या दगडांच्या सूक्ष्म छिद्रांत जीवाणूंच्या वसाहती असतात. त्यांतील काही माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे पुढे नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनयुक्त गोड्या पाण्याने मी हा सारा कारखाना एका सकाळी मारून टाकला. जो अमोनिया शून्य असावयास हवा तो तिसऱ्या दिवशी चाचणीत गडद हिरवा दिसला. त्यानंतर रोज वीस लिटर पाणी बदलणे, अन्न निम्म्याहून कमी करणे, दिव्यांचे तास घटविणे आणि अकोल्याच्या एका स्नेह्याच्या जुन्या पेटीतील जिवंत दगड मागून आणून ठेवणे, एवढेच करता येण्याजोगे होते. जीवाणूंची नवी वसाहत उभी राहण्यास चार ते सहा आठवडे लागतात. औषधाच्या बाटलीने ती घाई फारशी साधत नाही.

पांढरा पडलेला प्रवाळ म्हणजे मेलेला प्रवाळ, ही समजूत मात्र मनातून समूळ काढून टाकली पाहिजे. प्रवाळाचा रंग बव्हंशी त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांचा असतो. उष्म्याने किंवा धक्क्याने प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो, त्याची काया पारदर्शक होते आणि तो पांढुरका दिसतो. ऊती शाबूत असल्या तर तो जिवंत असतो, भुकेला असतो, आणि परिस्थिती सुधारल्यास शैवाल पुन्हा वस्तीला येतात. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हाही सरोवर नासले, शाप लागला, अशी बोलवा उठली होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा असे आढळले की, पाणी आटून खारटपणा वाढल्याने हॅलोआर्किया नावाचे क्षारप्रिय सूक्ष्मजीव बळावले होते आणि तो रंग त्यांचा होता. नमुना स्थिर ठेवला असता जीव तळाशी बसून पाणी नितळ झाले. माझ्या पेटीतील चार गुच्छांपैकी दोन गेले. उरलेल्या दोहोंवर सातव्या आठवड्यात तपकिरी झाक दिसू लागली, आणि तोंडे पूर्ण उघडली ती आश्विनात.

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसताच पेटीत तांब्याचे औषध ओतणारे पुष्कळ आहेत. तांबे हे ठिपके आणणाऱ्या परजीवीला मारते, तसेच ते प्रवाळांना व शंख-कोळंब्यांनाही मारते आणि दगडांत मुरून राहते. माशांवर निराळ्या पेटीत उपचार करावेत.

कायद्याविषयी थोडे. दुकानात मिळाले म्हणजे पाळण्यास मुभा आहे, हा समज महाग पडू शकतो. खडकबांधणी करणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ हलवावयाचे झाले तेव्हा मुंबई महानगरपालिकेलाही रीतसर परवानगी घ्यावी लागली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशी संरक्षित जातींचीही नोंदणी आवश्यक झाली आहे. क्लाऊन माशांची बंदिस्त पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधली आहे. तशी पैदास झालेलेच मासे घ्यावेत.

आणि छंद सोडावयाचा ठरला, किंवा पेटी आवरेनाशी झाली, तर कृपा करून तिच्यातील मासे, शेवाळ अगर पाणी लोणारच्या सरोवरात वा त्याकडे जाणाऱ्या ओहोळात सोडू नका. २०२० पासून ते रामसर पाणथळ क्षेत्र आहे, आणि त्या विवरात एकदा पडलेले काहीही बाहेर वाहून जात नाही.