दंतारोपण : रुग्णगत धोके

गमावलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टिटॅनियम धातूचे कृत्रिम मूळ बसवून त्यावर दात जोडण्याच्या शस्त्रक्रियेस दंतारोपण म्हणतात. टिटॅनियम व जिवंत हाड यांचा दृढ संयोग होतो, असे स्वीडिश शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी मानवी रुग्णावर केलेले पहिले आरोपण त्या रुग्णाच्या २००६ मधील मृत्यूपर्यंत कार्यक्षम राहिले.

एकूण आरोपणांपैकी सु. ९५ टक्के १० वर्षांनंतरही टिकून असतात. अपयश दोन प्रकारे येते : प्रारंभी हाडाचा संयोगच होत नाही किंवा पुढे काही वर्षांनी भोवतालच्या ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांना) सूज येऊन हाड झिजते. दोन्हींत रुग्णाची प्रकृती व सवयी यांचा मोठा वाटा असतो.

धूम्रपानामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून हिरड्यांचा रक्तपुरवठा घटतो; अशा रुग्णांत अपयशाचे प्रमाण सु. दुप्पट आढळते. अनियंत्रित मधुमेहात जखम सावकाश भरते व जंतुसंसर्ग बळावतो. रक्तशर्करा आटोक्यात असल्यास मात्र आरोपण सहसा यशस्वी होते. पूर्वी हिरड्यांचा पायोरिया झालेल्यांत उशिरा येणाऱ्या अपयशाचा धोका अधिक असतो. जबड्यावरील प्रारण चिकित्सा, अस्थिसुषिरतेवरील काही औषधे आणि झोपेत दात खाण्याची सवय यांचाही विचार करावा लागतो. वार्धक्य हा स्वतंत्र अडथळा नव्हे. उलट जबड्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी आरोपण करीत नाहीत, कारण ते वाढत्या जबड्याबरोबर सरकत नाही.

रायगड जिल्ह्यासह कोकणात व देशावर आढळणारी मशेरी लावण्याची चाल या संदर्भात लक्षणीय आहे. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती लावणाऱ्या, विशेषतः स्त्रिया, तिला दंतमंजन समजतात. त्यामुळे ‘तंबाखूचे व्यसन आहे काय’ या प्रश्नास नकारार्थी उत्तर मिळते व धोका नोंदलाच जात नाही. म्हणून मशेरीची चौकशी वेगळी, तिचे नाव घेऊनच करणे इष्ट ठरते.

यांपैकी बरेचसे धोके निवार्य आहेत. तंबाखू सोडणे, मधुमेहाचे नियंत्रण, हिरड्यांचे पूर्वोपचार, रोजची स्वच्छता आणि नियमित तपासणी यांवर आरोपणाचे आयुष्य बव्हंशी अवलंबून असते.