एकमेकांना न विचारता राखलेली काटकसर: विखुरलेल्या स्रोतांच्या संकेतनाविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक विद्युत केंद्रातील ५०० मेगावॉटचे दोन संच ज्या वीजजाळ्याला जोडलेले आहेत, ते जाळे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी कार्यान्वित झाल्यापासून देशभर एकाच लयीत, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० आवर्तनांच्या वारंवारितेने, चालते. त्यामुळे दीपनगरात मोजलेली वारंवारिता आणि त्याच क्षणी धुळ्यात मोजलेली वारंवारिता यांत एरवी अगदी किरकोळ फरक असतो. अशी मापने दोन्हीकडून पूर्ण लांबीने एका नियंत्रण केंद्राकडे पाठवणे ही पुनरुक्तीच होय. स्रोत परस्परांपासून दूर असताना, त्यांचा आपसांत संपर्क नसतानाही ही पुनरुक्ती टाळण्याच्या पद्धतीला ‘डिस्ट्रिब्युटेड सोर्स कोडिंग’, म्हणजे विखुरलेल्या स्रोतांचे संकेतन, असे म्हणतात.

गैरसमज १: समान भाग वगळायचा तर दोन्ही स्रोतांना एकमेकांचे मापन ठाऊक असलेच पाहिजे.

वस्तुस्थिती: हा समज स्वाभाविक असला, तरी डेव्हिड स्लेपियन आणि जॅक वुल्फ यांनी १९७३ मध्ये तो खोडून काढला. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेली ‘एन्ट्रॉपी’ म्हणजे माहितीतील अनिश्चिततेचे माप असून, कोणताही मजकूर त्रुटीविना सरासरी किती बिटांत बसवता येईल याची किमान मर्यादा ती ठरवते. दोन स्रोतांचे संकेतन वेगवेगळे केले, पण उकल एकत्र केली, तर एकूण बिटांची किमान मर्यादा दोघांच्या एकत्रित एन्ट्रॉपीइतकीच राहते, म्हणजे स्रोतांमध्ये संवाद नसल्यामुळे या मर्यादेत काहीही भर पडत नाही, असे स्लेपियन–वुल्फ प्रमेय सांगते.

हे कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. वारंवारिता ४९.०० ते ५१.०० हर्ट्झ या टप्प्यात ०.०१ च्या पायऱ्यांनी नोंदवली, तर २०१ शक्य मूल्ये होतात आणि प्रत्येक नोंदीला ८ बिट लागतात. दोन ठिकाणच्या नोंदींत एका पायरीहून अधिक फरक पडत नाही असे गृहीत धरू. धुळ्याने आपली नोंद, समजा ४९.९८, पूर्ण पाठवली. दीपनगरची नोंद ४९.९७ आहे, परंतु तेथून ४९९७ या संख्येला ४ ने भागून उरलेली बाकी, म्हणजे १, एवढीच पाठवली जाते आणि तिला २ बिट पुरतात. नियंत्रण केंद्रापुढे ४९.९७, ४९.९८ व ४९.९९ हे तीनच पर्याय असून त्यांच्या बाक्या अनुक्रमे १, २ व ३ आहेत, म्हणून उत्तर ४९.९७ हे निःसंदिग्ध ठरते. धुळ्याची नोंद दीपनगरला ठाऊक नसतानाही १६ बिटांचे काम १० बिटांत होते.

गैरसमज २: ही बचत फुकट मिळते.

वस्तुस्थिती: कष्ट नाहीसे होत नाहीत, त्यांची जागा बदलते. पाठवणाऱ्याला फक्त बाकी काढावी लागते, तर अनेक शक्यतांतून योग्य ती निवडण्याचे अवघड गणित स्वीकारणाऱ्याकडे जाते. बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी संवेदकांना ही विभागणी सोयीची असते. जेथे उपकरणांना कायमचा वीजपुरवठा आणि ऐसपैस जोडणी उपलब्ध आहे, तेथे मात्र तिचा लाभ मर्यादितच राहतो.

गैरसमज ३: प्रमेय सिद्ध झाले, तेव्हाच पद्धतही हाती आली.

वस्तुस्थिती: मर्यादा गाठता येते एवढेच प्रमेयाने दाखवले होते; व्यवहारात चालणारे संकेत त्यातून मिळाले नव्हते. दळणवळणातील चुका सुधारणारे संकेत येथे उपयोगी पडतील, हे ॲरन वाइनर यांनी १९७४ मध्ये दाखवले. एका स्रोताचे मापन म्हणजे दुसऱ्याच्या मापनाची किंचित बिघडलेली प्रत, असे मानले की ‘सिंड्रोम’, म्हणजे वरच्या उदाहरणातील बाकीसारखी गटदर्शक खूण, तेवढी पाठवणे पुरते. संदीप प्रधान आणि कन्नन रामचंद्रन यांनी १९९९ मध्ये या कल्पनेला व्यवहार्य रूप दिले आणि पुढे टर्बो व एलडीपीसी हे संकेत वापरून संशोधक सैद्धांतिक मर्यादेच्या बरेच जवळ पोहोचले. तथापि मर्यादेजवळ जाण्यासाठी नोंदींचे लांबलचक गट घ्यावे लागतात आणि तेवढा विलंब सोसावा लागतो.

गैरसमज ४: थोडी त्रुटी चालणार असेल, तरीही संवाद नसल्याचा तोटा शून्यच असतो.

वस्तुस्थिती: वाइनर आणि जेकब झिव्ह यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की मूळ मापन हुबेहूब न मिळता ठरावीक त्रुटीसह चालणार असेल, तर पाठवणाऱ्याला दुसरे मापन ठाऊक नसल्याची किंमत सर्वसाधारणपणे मोजावी लागते. घंटाकार, म्हणजे गाउसीय, वितरणाच्या मापनांत त्रुटी वर्गाने मोजली असता मात्र ही किंमत शून्य होते.

गैरसमज ५: एकदा बसवलेला संकेत कायम पुरतो.

वस्तुस्थिती: सर्व बचत दोन नोंदींत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडत नाही या एका गृहीतकावर उभी आहे. वरच्या उदाहरणात जाळ्यातील धक्क्यामुळे दीपनगरची नोंद ४९.९५ झाली, तर बाकी ३ येईल आणि केंद्र ती ४९.९९ अशी वाचेल, तीही कोणताही इशारा न मिळता. म्हणूनच खरी पद्धत बाकीसोबत पडताळणीचे काही बिट जोडते आणि उकल फसल्यास केंद्राकडून अधिक बिटांची मागणी करण्याची सोय ठेवते. याचा अर्थ असा की कार्यक्षमता वाढवण्याचा प्रश्न मुख्यतः बिट आणखी आवळण्याचा नसून, स्रोतांमधील संबंध अचूक ओळखण्याचा आणि तो बदलला की वेळीच सावध होण्याचा आहे; कारण दीपनगर आणि धुळ्याच्या नोंदी ज्या क्षणी एकमेकींपासून दुरावतात, नेमक्या त्याच क्षणी त्या दोन्ही खऱ्याखुऱ्या हाती असणे सर्वांत आवश्यक असते.