हात दाखवून रेल्वे का थांबत नाही?

एसटीच्या रस्त्यावरची ‘विनंती थांबा’ ही पाटी पवनी तालुक्यातल्या आसगावच्या माणसाला नवी नाही. कोणी हात दाखवला तर गाडी थांबते, नाहीतर निघून जाते. रेल्वेचं तसं नसतं. आसगावात रूळ कधी आलेच नाहीत. तालुक्याच्या नावाचं ‘पवनी रोड’ स्टेशन होतं ते इतवारी–नागभीड छोट्या लाइनवर, तेही पवनीपासून लांब. (स्टेशन गावात नसलं की नावापुढं ‘रोड’ जोडायचं आणि उरलेली वाट प्रवाशावर सोडायची, ही रेल्वेची जुनी रीत.) बंगाल नागपूर रेल्वेच्या काळात, १९०८ साली सुरू झालेली ही अडीच फुटी लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. अशा लाइनवर लहान गावांसाठी असायचा तो हॉल्ट. ना सिग्नल, ना स्टेशन मास्तर, तरी गाडी रोज थांबायची. ती कशाच्या भरवशावर?

आधी हात दाखवण्याचं पाहू. बसचं रबरी टायर डांबराला धरून ठेवतं. रेल्वेचं गुळगुळीत पोलादी चाक गुळगुळीत पोलादी रुळावर सहज गडगडतं, म्हणून तर थोड्या ताकदीत एवढं वजन ओढता येतं. पण थांबताना तोच गुण आडवा येतो. वळणापलीकडचा माणूस ड्रायव्हरला दिसेपर्यंत ब्रेक लावायची वेळ टळून गेलेली असते. वाफेच्या इंजिनात तर समोर लांबलचक बॉयलर. तेव्हा कुठं थांबायचं हे ड्रायव्हरला आधीच ठाऊक असावं लागतं.

तरीही वेल्समधल्या फेस्टिनिओग या जुन्या नॅरोगेज रेल्वेवर विनंती थांबे आहेत. उतरणाऱ्यानं गार्डला आधी सांगायचं, चढणाऱ्यानं प्लॅटफॉर्मवरून ठळक हात दाखवायचा. पण हात दिसलाच तर थांबता यावं म्हणून ड्रायव्हरला वेग आधीच उतरवावा लागतो. मग वाचलं किती? जेमतेम मिनिटभर. आपल्याकडेही गाडीला झेंडी दाखवून थांबवायची ‘फ्लॅग स्टेशनं’ असत. हॉल्टवर तो प्रश्नच ठेवला नाही: वेळापत्रकात नाव असेल तर गाडी थांबणार, चढायला कोणी असो वा नसो. मला ही व्यवस्था जास्त शहाणपणाची वाटते. शेतातून धावत येणाऱ्या माणसाला गाडी थांबेल की नाही ही धाकधूक तरी नसते.

आता सुरक्षेचं. समजा, उमरेड आणि भिवापूर या दोन स्टेशनांच्या मध्ये एक हॉल्ट आहे. एकच रूळ, दोन्हीकडून गाड्या. उमरेडचा मास्तर भिवापूरच्या मास्तरला विचारतो; तिकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाली की ड्रायव्हरच्या हाती परवाना पडतो. कुठं तो लोखंडी गोळा असतो, कुठं लिहिलेला कागद. गोळ्याची यंत्रं तारेनं एकमेकांशी बांधलेली असतात. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही टोकांना दुसरा निघतच नाही. परवान्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. म्हणजे मधल्या टापूत एका वेळी एकच गाडी. ती हॉल्टवर एक मिनिट थांबो की दहा, समोरून कोणी येणार नाही. रेल्वेच्या नियमांत अशा थांब्याला ‘ड’ वर्ग म्हणतात: दोन स्टेशनांमधली थांबायची जागा, जिच्यापाशी टापू तुटत नाही. हॉल्टला सिग्नल नसतो तो यामुळे. कंजूषपणा म्हणून नव्हे.

याची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. हॉल्टवर दुसरा रूळ नसतो, त्यामुळे तिथं गाड्यांचं क्रॉसिंग होत नाही. एका गाडीला हॉल्टवर उशीर झाला की समोरची भिवापूरला तिष्ठत उभी. आपण उगाच का थांबलोय म्हणून डब्यात चिडणाऱ्याला पलीकडच्या हॉल्टवर पोती चढताहेत हे कुठून कळणार?

थांबल्यावर सूत्रं गार्डकडे (२०२२ पासून त्याला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात). माणसं चढली-उतरली हे तो पाहतो, शिट्टी मारतो, हिरवी झेंडी दाखवतो, रात्री हिरवा दिवा. इंजिनातून भोंग्यानं उत्तर येतं आणि गाडी हलते. प्लॅटफॉर्म बहुधा जमिनीलगत, म्हणून पायदानावर पाय देऊन चढायचं. म्हातारी माणसं वर ओढून घेणं हे सहप्रवाशांचं काम.

राहिलं तिकीट, आणि हॉल्टचा खरा जीव तिथंच. ते रेल्वेचा नोकर विकत नाही, कमिशनवर नेमलेला एजंट विकतो, बहुधा जवळपासच्याच गावचा. ठरलेल्या स्टेशनवर आगाऊ पैसे भरून तो तिकिटांचा गठ्ठा आणायचा, जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं, आणि त्यांवर तारीख उमटवून विकायचा. न विकलेल्या तिकिटांत त्याचेच पैसे अडकायचे. लोक विनातिकीट चढू लागले की पहिली झळ त्याला. कमिशन परवडेनासं झालं की तो काम सोडतो, आणि विक्री नाही म्हणून हॉल्ट तोट्यात दिसू लागतो. यवतमाळ–मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ या छोट्या लाइनच्या गाडीवर तर गार्डच तिकिटं देत असे.

छोट्या लाइनची इंजिनं, डबे, दिवे बघायचे असतील तर नागपूरला कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत २००२ साली सुरू झालेलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. आसगावहून एसटीनं सकाळी निघालं तर संध्याकाळी परतता येतं.