गाडीवर दोघे, हेल्मेटही दोन

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या बांधवाला मोटारसायकल ही चैन नव्हे; दुसरी पाळी सुटल्यावर रात्री घर गाठण्याची ती सोय आहे. सुटीच्या दिवशी तीच गाडी त्रिरश्मी लेण्यांकडे निघते. कधी येवल्याच्या मुक्तिभूमीकडे, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

पण टाकीवर एक मूल, मागे पत्नी, तिच्या मांडीवर दुसरे, आणि एकुलते हेल्मेट आरशाला लटकलेले! १९८८ चा मोटार वाहन कायदा मागे एकालाच बसू देतो आणि हेल्मेट दोघांनाही सक्तीचे करतो. पोलिसापुरते हेल्मेट काय कामाचे? मुले सोबत असतील तर सरळ एस.टी. धरा. गाडीचे हप्ते फेडता, तसे दुसऱ्या हेल्मेटचेही पैसे काढा. मागे बसलेलीवरही घर उभे आहे.